दुखणे डोक्याचे, विचारपूस मनाचीही

अर्धशिशी हे आपल्या घरोघरी ठाऊक असलेले दुखणे. कपाळाची एक बाजू ठणकू लागते, मळमळते, उजेड व आवाज सोसवत नाही. आणि हा ताप चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पटींनी अधिक आढळतो. सुंठीचा लेप, डोक्याला घट्ट फडके, अंधारी खोली हे आपले जुने उपाय. डॉक्टरांची गोळीही आता मिळते. परंतु या दुखण्याच्या पाठोपाठ पुष्कळदा नैराश्य येते, त्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. अर्धशिशी असणाऱ्यांना ते इतरांच्या सुमारे दुपटीने होते; उलट नैराश्य असणाऱ्यांनाही पुढे अर्धशिशी जडण्याचा संभव अधिक. तेव्हा डोके दुखते म्हणून मन खचते, एवढाच हा प्रकार नव्हे.

येथे माझी चूक सांगणे प्राप्त आहे. आमच्या गावातील एक भगिनी रविवारच्या मिस्साला वरचेवर गैरहजर राहू लागल्या. त्यांच्या संमतीनेच हे लिहितो. अर्धशिशी आहे हे मला ठाऊक होते; सहनशीलता धरा, जपमाळ सोडू नका, असे सांगून मी मोकळा झालो. पुढे दवाखान्यातील सिस्टरांनी त्यांना निराळाच प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "डोके दुखत नाही त्या दिवशीही चूल पेटवावीशी वाटत नाही." हे मला विचारता आले असते.

त्यासाठी वैद्यकात दोन साधे प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कोणत्याही कामात गोडी वा आनंद वाटेनासा झाला आहे काय? मन उदास, निराश राहिले आहे काय? मुळीच नाही याला 0, काही दिवस याला 1, निम्म्याहून अधिक दिवस याला 2, जवळजवळ रोज याला 3 गुण. दोहोंची बेरीज 3 वा अधिक आली, तर डॉक्टर 2001 साली प्रसिद्ध झालेली नऊ प्रश्नांची पूर्ण यादी विचारतात. तीत 27 पैकी 10 वा अधिक गुण आल्यास नीट तपासणी करतात. गुण म्हणजे निदान नव्हे. झोप बिघडणे, थकवा, अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे अर्धशिशीचीही असतात. निवाडा डॉक्टरांनीच करावा. काही औषधे दोन्ही विकारांवर चालतात, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगणे लाभाचे.

"श्रद्धा उणी पडली" असे म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांनी राजे या पहिल्या पुस्तकाचा 19 वा अध्याय उघडावा. एलिया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून मरण मागितले. देवदूताने त्याला दटावले नाही, दोनदा उठवून भाकर व पाणी दिले.

विचारपूस डोके शांत असेल त्या दिवशी करावी, आणि एकांतात. सासूसमोर वा मुलांसमोर खरे उत्तर येत नाही. जीव नकोसा झाला असे उत्तर आले, तर त्या व्यक्तीस एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. रात्री वाहन मिळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक लावावा. तो विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.