गाडी तापते कुठे आणि झळ बसते कुणाला?



चकलांब्याहून कापूस भरून निघालेली पिकअप गेवराईच्या वाटेवर सहसा तापत नाही. ती तापते जिनिंगच्या फाटकाबाहेर, रांगेत. दोन हात पुढे, दहा मिनिटे उभी, पुन्हा दोन हात पुढे. काटा लाल रेषेकडे सरकतो, बॉनेटमधून वाफ निघते आणि ड्रायव्हर पाण्याची कॅन शोधत धावतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात कडबा भरलेल्या गाडीचीही हीच गत.

1972 साली राज्यात कापूस एकाधिकार योजना आली, तेव्हा खरेदी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा लागत. बैलाला निदान सोडता येई, पाणी दाखवता येई. उभा बैल विसावा घेतो. उभे इंजिन घेत नाही. एकाधिकार गेला, बैल गेले, रांग मात्र राहिली.

इंजिन उभ्या-उभ्या का तापते? डिझेल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळ तिसरा हिस्सा कामी येतो, तिसरा धुरासोबत जातो आणि उरलेला बराचसा रेडिएटरमधून बाहेर टाकावा लागतो. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा हे काम करतो. उभी राहिली की सारा भार पंख्यावर. जुन्या पिकअपचा पंखा इंजिनावरच फिरतो. इंजिन मंद तर पंखा मंद. गरज सर्वांत जास्त तेव्हा वारा सर्वांत कमी. उलट इंजिन जोरात फिरते आणि वारा आयता मिळतो, तेव्हा हाच पंखा फुकट ताकद खातो. पंख्याची गती दुप्पट झाली की त्याला आठपट ताकद लागते.

म्हणून आता आपली पोरे विजेचा पंखा बसवू लागली आहेत. बॅटरीवरचा पंखा इंजिनाच्या गतीवर अवलंबून नसतो. विचार चांगला आहे. शरद जोशींनी शेतकऱ्यासाठी तंत्रज्ञान स्वातंत्र्य मागितले ते काही फक्त बियाण्यापुरते नव्हते. पण स्वातंत्र्य म्हणजे मिस्त्री सांगेल ते बसवणे नव्हे.

कपाशीचे पान पिवळे पडले की दुकानदार बाटली हातात देतो. मुळाशी पाणी साचले का हे कुणी पाहत नाही. इंजिनाचेही तसेच चालले आहे. आधी रेडिएटरची जाळी पाहा. कापसाचे तंतू, कडब्याचा भुसा आणि धूळ तिथे गच्च बसते. पाणी कोणते घालता ते पाहा. बोअरचे जड पाणी आतल्या नळ्यांत क्षारांचा थर धरते, मग दोन पंखे लावूनही भागत नाही. शुद्ध पाणी आणि कूलंट घाला. पट्टा ढिला आहे का तपासा. ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला ऐकू नका. त्याने इंजिन थंड चालते, डिझेल जास्त जाते, झीज वाढते. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखाली शंभर अंशांपेक्षा गरम पाणी असते. ते तोंडावर उडते.

एवढे करूनही गाडी तापत असेल तर पंखा जरूर बसवा, पण नीट. असा पंखा साधारण 10 ते 20 अँपिअर ओढतो. अल्टरनेटरला तो पेलेल का ते आधी विचारा. वायर जाड हवी, मध्ये फ्यूज आणि रिले हवा, चालू-बंद करायला तापमानाचा स्विच हवा. हाताच्या बटणावर विसंबलेला माणूस एक दिवस विसरतोच. रेडिएटरच्या पुढे बसवला तर वारा आत ढकलणारा, मागे बसवला तर ओढणारा पंखा लागतो. वायर उलटी जोडली तर तो समोरच्या वाऱ्याशीच भांडतो. मूळ पंखा घाईने काढू नका.

ही बारीकसारीक गोष्ट नाही. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7710 रुपये जाहीर झाला. 15 क्विंटलची गाडी म्हणजे 1,15,650 रुपये. उघड्या वायरची एक ठिणगी कापसात किंवा कडब्यात पडली, तर वर्षाचा घाम रस्त्यावर जळतो.

कायद्याचेही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतील बदलांवर बंधन घालते. बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा.

आता मूळ दुखण्याकडे. फाटकाबाहेर जळणारे डिझेल, गाडीची खोटी, इंजिनाची दुरुस्ती हे सगळे भाड्यात चढते आणि भाडे शेतकऱ्याच्या पट्टीतून जाते. उत्पादनखर्च काढणाऱ्याच्या कागदावर हा आकडा दिसत नाही. 2025 मध्ये सीसीआयने ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आणि वेळ घेण्याची सोय आणली. दिलेली वेळ पाळली जाते का, हा आपला सवाल आहे. आपली मागणी साधी आहे: दिलेल्या वेळेला वजनकाटा, फाटकाबाहेर सावली आणि पाणी, आणि उशीर झाल्यास खोटीचे भाडे खरेदीदाराकडून.

जिल्हा बैठकीला येताना या हंगामातील भाड्याच्या पावत्या आणा. रांगेत किती तास गेले ते त्यावर लिहा. पंखा इंजिन थंड करील. रांग मोडायची तर ती आपल्यालाच मोडावी लागेल.