मैदान कुणाच्या बापाचे?

१७ मे २०२२ च्या रात्री नॉटिंगहॅमच्या सिटी ग्राउंडवर एक माणूस धावत आला आणि त्याने दुसऱ्या माणसाच्या तोंडावर डोके आपटले. मार खाणारा होता शेफिल्ड युनायटेडचा कर्णधार बिली शार्प. दुखापतीमुळे तो त्या दिवशी खेळलासुद्धा नव्हता. पेनल्टींवर संघ हरलेला, आणि हा गडी मैदानाच्या कडेला खिशात हात घालून गुमान उभा. टाके पडले. आणि मारणारा कोण? जिंकलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचा चाहता! पराभवाचा संताप समजून घ्या म्हणणारे शहाणे जगात पुष्कळ आहेत. विजयानंतरही ज्याला रक्त काढावेसे वाटते, त्याच्यासाठी या शहाण्यांच्या पोतडीत कोणती सबब आहे? आमच्याकडे एकही नाही. आम्ही त्याला गुंड म्हणतो.

कोर्टाने दोन दिवसांत त्याला २४ आठवड्यांसाठी गजाआड धाडले. त्या शिक्षेची शाई वाळायच्या आत, त्याच संध्याकाळी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर एव्हर्टनचे हजारो चाहते मैदानात घुसले. क्रिस्टल पॅलेसचा प्रशिक्षक पॅट्रिक व्हिएरा त्या गर्दीतून वाट काढत चालला होता. एकाने त्याच्या तोंडासमोर फोन नाचवत त्याला इतके डिवचले, की विश्वचषक जिंकलेल्या त्या माणसाचा पाय उठला. त्याच रात्री पोर्ट व्हेलच्या मैदानावर स्विंडनच्या खेळाडूंना धक्काबुक्की. तीन दिवसांनी मँचेस्टर सिटीने विजेतेपद मिळवले आणि ‘आनंदाच्या भरात’ ॲस्टन व्हिलाच्या गोलरक्षकावर, रॉबिन ओल्सेनवर, हात टाकला गेला. आठवडाभरात चार मैदाने! त्या हंगामात इंग्लंड-वेल्समध्ये फुटबॉलच्या निमित्ताने २,१९८ जणांना अटक झाली. महामारीपूर्वीच्या २०१८-१९ च्या हंगामापेक्षा ५९ टक्क्यांनी जास्त.

आणि तरीही समालोचक गहिवरून सांगतात, ‘काय हा जल्लोष!’ क्लबवाले म्हणतात, ‘मूठभर लोकांमुळे सगळे बदनाम होतात.’ हे मूठभर लोक कुठे लपतात, ते कुणी बोलत नाही. ते लपतात बाकीच्या हजारोंच्या आड. एकटादुकटा घुसखोर चार रक्षकांच्या हाती सहज लागतो. पाच हजार घुसले की त्यातली एक मूठ कुणाला दिसणार? म्हणून ‘मी तर फक्त नाचायला गेलो होतो’ म्हणणाऱ्या सज्जनाला आमचे रोखठोक सांगणे आहे : तू नाचलास ते त्या गुंडाला आडोसा देत नाचलास. खेळाडूची ती कामाची जागा आहे. तुझ्या कचेरीत पाच हजार अनोळखी माणसे आरोळ्या ठोकत शिरली तर तू त्याला जल्लोष म्हणशील काय?

आता ज्या गोष्टीने आमचे डोके खरोखर फिरते तिच्याकडे येऊ. इंग्लंडच्या मैदानांवर प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये आज जाळी नाही. ती नव्हतीच असे नाही. १९७० च्या दशकात दंगेखोर वारंवार मैदानात घुसू लागले म्हणून क्लबांनी लोखंडी कुंपणे घातली आणि प्रेक्षकांना कोंडवाड्यात कोंडल्यासारखे कोंडले. मग उजाडला १५ एप्रिल १९८९. शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपची उपांत्य लढत, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. होय, तेच फॉरेस्ट! आणि शहर तेच, ज्याच्या कर्णधाराला तेहतीस वर्षांनी टाके पडले. पोलिसांनी बाहेरचे दार उघडले, पण आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. माणसे माणसांवर रेटली गेली, कुंपणावर चेपली गेली, उभ्या उभ्या गुदमरली. ९७ जण गेले. शेवटचा त्या जखमांनी २०२१ मध्ये.

जीव वाचवण्यासाठी लोक कुंपणावर चढू लागले, तेव्हा पोलिसांना प्रथम काय वाटले? ही मैदानात घुसखोरी आहे! मरणारा माणूस श्वासासाठी जाळीला लोंबकळतो आहे, आणि वर्दीतल्या माणसाला त्याच्यात हुल्लडबाज दिसतो आहे. यात पोलिसांचा गुन्हा आहेच. प्रेक्षक बेकायदा मारले गेले आणि दोष त्यांचा नव्हता, हे २०१६ मध्ये ज्युरीने लखलखीतपणे सांगितले. मेलेल्यांवरच चिखल उडवणाऱ्या ‘द सन’ या पत्राला लिव्हरपूल शहराने आजही दारात उभे केलेले नाही, आणि ते योग्यच आहे. पण प्रत्येक चाहत्याकडे गुंड म्हणून पाहायची सवय पोलिसांना लावली कुणी? जाळी लावायला निमित्त दिले कुणी? त्या आधीच्या पंधरा-वीस वर्षांतल्या घुसखोरांनी! मौज त्यांनी केली; किंमत हिल्सबरोच्या निरपराध पोरांनी मोजली.

हिल्सबरोची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानंतर ती कुंपणे उतरली. सामान्य प्रेक्षकावर विश्वास टाकला गेला, की याला जनावरासारखे कोंडायची गरज नाही. आज पहिल्या रांगेतला पोरगा हात लांबवून कोपऱ्यावरच्या खेळाडूच्या पाठीवर थाप मारू शकतो, ते या विश्वासामुळे. १९९१ च्या कायद्याने परवानगीशिवाय मैदानात उतरणे गुन्हा ठरवले, ते हाच विश्वास टिकावा म्हणून. ओल्सेनवर उगारलेला हात फक्त ओल्सेनवर पडत नाही. तो त्या ९७ जणांच्या मरणाने मिळालेली मोकळीक उधळतो. उद्या कुणी गृहमंत्री उठून म्हणाला, ‘लावा पुन्हा जाळ्या,’ तर या नाच्यांच्या तोंडात उत्तर काय असणार?

दुसरी जात आहे हौश्यांची. यांना सामन्याशी, संघाशी, कशाशीच देणेघेणे नसते. यांना हवी असते रील. २०१९ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, माद्रिदला, एक तरुणी पोहण्याच्या कपड्यांत मैदानात धावली. छातीवर काय? मित्राच्या वेबसाइटची जाहिरात! युरो २०२४ मध्ये डॉर्टमुंडला पोर्तुगाल-तुर्कस्तान सामन्यात एक लहान पोरगा धावत आला आणि रोनाल्डोने हसत त्याच्याबरोबर सेल्फी काढून दिला. पोराचे कौतुक ठीक; पण ते पाहून एकामागून एक चांगले दाढीमिशा फुटलेले बाप्ये फोन उगारून मैदानात उतरले. त्यांना पकडायच्या धांदलीत एक सुरक्षारक्षक घसरत थेट पोर्तुगालच्या गोन्सालो रामोसवर जाऊन आदळला. त्या बाप्यांपैकी एकाच्या हातात फोनऐवजी चाकू असता तर? टीव्हीवाले अशा वेळी कॅमेरा दुसरीकडे वळवतात, एवढी अक्कल त्यांना आहे. पण आपल्याकडचे लाखो हात रात्री दोन वाजता तोच तुकडा ‘भन्नाट’ म्हणून पुढे ढकलतात. पुण्या-मुंबईत बसून प्रीमियर लीगचे टीशर्ट मिरवणाऱ्या आमच्या मित्रांनो, त्या घुसखोराचा खरा प्रायोजक तुम्ही आहात!

तुर्कस्तानात तर वरच्यांनीच ताळ सोडला. डिसेंबर २०२३ मध्ये अंकारागुजू क्लबचा खुद्द अध्यक्ष सामना संपताच मैदानात शिरला आणि पंच हलिल उमुत मेलेर यांच्या तोंडावर त्याने ठोसा लगावला. पंच खाली पडल्यावर त्यांना लाथाही बसल्या. सारी लीग थांबवावी लागली. तीन महिने उलटतात न उलटतात तोच ट्रॅबझोनमध्ये प्रेक्षक फेनरबाचेच्या खेळाडूंवर तुटून पडले.

हे सारे थांबवायचे म्हणजे पोलिसांच्या हाती दंडुके द्या आणि मोकळे व्हा, असे आमचे म्हणणे आहे असा समज कुणी करून घेऊ नये. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियातल्या कांजुरुहान मैदानावर अरेमाचे चाहते पर्सेबायाकडून ३-२ अशी हार झाल्यावर मैदानात उतरले. पोलिसांनी काय केले? अश्रुधुराची नळकांडी फोडली, आणि तीही गच्च भरलेल्या प्रेक्षकांच्या गॅलरीत. फिफाच्या नियमांत असा वायू वापरायला बंदी असताना! लोक दारांकडे पळाले. काही दारे पुरती उघडलेली नव्हती. १३५ माणसे मेली, त्यात लहान मुले. मैदानात शिरणारे दोषी होते, पण हा नरसंहार वर्दीवाल्यांचा. बेताल गर्दी आणि बिनडोक पोलीस एकत्र आले की काय होते हे पाहिल्यावर पहिल्या कारणालाच चाप लावणे हाच शहाणपणा.

आपल्याकडे क्रिकेटच्या पलीकडे फुटबॉलचे खरे वेड असलेले गाव म्हणजे कोल्हापूर. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ : तालमींच्या आणि पेठांच्या नावाने शाहू स्टेडियम गच्च भरते, आणि त्या वेडाला आमचा मुजरा आहे. पण त्याच स्टेडियमवर पेठेच्या ईर्षेपायी दगड भिरकावले गेले आहेत, हाणामाऱ्या झाल्या आहेत, पोलिसांना मध्ये पडावे लागले आहे. ज्या राजर्षींचे नाव त्या दारावर आहे, त्यांनी खेळाला आणि खेळाडूला राजाश्रय दिला, टगेगिरीला नव्हे. पेठेतल्या थोरल्यांनी पोरांचे कान वेळीच धरले, तर ते काम पोलिसांवर येणार नाही.

उपाय? इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने एव्हर्टनला तीन लाख पौंड दंड केला, मँचेस्टर सिटीला दोन लाख साठ हजार. हसावे की रडावे? बड्या क्लबांच्या एखाद्या ताऱ्याचा आठवड्याचा पगार या घरात जातो. २०२२-२३ पासून घुसखोराला क्लबाने मैदानबंदी करायची असाही नियम आला. बरा आहे, पण त्याने क्लबाच्या अंगाला ओरखडाही उमटत नाही. फ्रान्सकडे पाहा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नीसचे प्रेक्षक मार्सेच्या खेळाडूंवर धावून गेले. नीसचे गुण कापले गेले आणि सामना दुसऱ्या गावात, रिकाम्या मैदानावर पुन्हा खेळवला. पुढच्या वर्षी सेंट-एटियेनच्या टोळक्यांनी पराभवानंतर मैदानात धुडगूस घातला. त्या क्लबाला पुढचा हंगाम उणे तीन गुणांनी सुरू करावा लागला. चाहत्याला बाकी काही कळो न कळो, गुणतक्ता कळतो. लंडनमधल्या साहेबांनी दंडाची पावतीपुस्तके बंद करावीत. मैदानात घुसखोरी झाली की तीन गुण कापा. बाद फेरीत झाली, तर घुसणाऱ्यांच्या संघाला पुढच्या फेरीचे दार बंद करा, मग त्याने पाच गोल मारलेले असोत. क्लबवाले बोंब मारतील, मारू द्या. पुढच्या शनिवारी तेच क्लबवाले आपल्या चाहत्यांना जाग्यावर बसवायला स्वतः कठड्याशी उभे राहतील.