पुनर्वसन तालुक्यापर्यंत

जखमी सैनिकांना कामधंदा शिकवण्यासाठी 1917 मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांसाठी 1974 मध्ये उभे राहिलेले पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र या दोन्ही संस्था पुण्याजवळच्या खडकीत असल्या, तरी कन्हानकाठच्या खाप्यात परतलेल्या अपंग माजी सैनिकाला कागदोपत्री कामांसाठी नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचाच आधार असतो. अपंगत्व निवृत्तिवेतन, म्हणजे सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा बळावलेल्या अपंगत्वाबद्दलची रक्कम, वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्केवारीवर अवलंबून असल्याने माजी सैनिक संघटनांनी मंडळाचा अहवाल वाचून अपिलाचा मसुदा लिहून देणारा जाणकार सावनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी बसवावा, कार्यकारिणीत अपंग सैनिकांसाठी जागा राखावी आणि चाकाच्या खुर्चीला पायऱ्यांशी थांबावे लागणार नाही अशाच जागी सभा घ्यावी.