हिरवा कंदील म्हणजे गाडी सुटली असे नव्हे



रस्ता असो, नळयोजना असो की समाजमंदिर, वस्तीतल्या कामाची चौकशी करायला गेले की हल्ली मराठी वाक्यात इंग्रजी शब्द पेरून उत्तर मिळते. ‘काम पाइपलाइनमध्ये आहे’, ‘डेडलाइन ठरली आहे’, ‘लवकरच हँडओव्हर करू’. माणूस मान डोलावतो आणि घरी येतो. घरात विचारतात, काय झाले? तेव्हा त्याला काहीच सांगता येत नाही. आम्ही कारकुनी करणारी माणसे. हे शब्द रोज आमच्या टेबलावरून जातात. म्हणून त्यांचा अर्थ, आणि त्यांच्या पाठीशी कोणता कागद असायला हवा, हे आज सांगत आहोत.

पहिला शब्द ‘ग्रीन सिग्नल’. आगगाडीबरोबर तो आपल्याकडे आला आणि ‘हिरवा कंदील’ होऊन मराठीत राहिला. योजनेला हिरवा कंदील, असा मथळा छापून आला की वस्तीत पेढे वाटतात. पण कंदील हिरवा झाला म्हणजे गाडी जायला हरकत नाही, एवढेच. इंजिनात ड्रायव्हर चढला की नाही, हे कंदील सांगत नाही. सरकारी कामातली ‘तत्त्वतः मंजुरी’ याच जातीची. तिच्यापुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि मग कार्यारंभ आदेश, इतक्या पायऱ्या बाकी असतात. या शेवटच्या आदेशात ठेकेदाराचे नाव, कामाची रक्कम आणि मुदत लिहिलेली असते. तो हाती येईपर्यंत पेढे आणू नयेत.

दुसरा शब्द ‘पाइपलाइन’. तेल नळातून निघाले आहे, थोड्या वेळाने पोहोचेल, तसे काम वाटेत आहे, असा याचा भाव. आपल्या रायगडात मात्र हा शब्द ऐकताना घसा कोरडा पडतो. हेटवणे धरण पेण तालुक्यातले. त्याचे पाणी नळांतून नवी मुंबईला गेले आणि त्याच तालुक्यातल्या खारेपाटातील गावांना पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. म्हणून कोणी ‘पाइपलाइन’ म्हटले की विचारावे, प्रस्ताव येथून कोणत्या तारखेला गेला? जावक क्रमांक काय? आता कोणत्या कार्यालयात आहे? जावक क्रमांकच नसेल तर प्रस्ताव नळात शिरलेलाच नाही, असे समजावे.

तिसरा शब्द ‘डेडलाइन’. याचा जन्म तुरुंगातला. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक रेषा ठरवलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडीत. ती मरणरेषा, तीच डेडलाइन. आपल्याकडे मात्र रेषा ओलांडणाऱ्याला काही होत नाही, रेषाच पुढे सरकते. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा घ्या. चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. २०२३ मध्ये सांगितले गेले की महामार्ग डिसेंबर २०२३ पर्यंत पूर्ण होईल. २०२५ च्या एप्रिलमध्ये जून २०२५ सांगितले गेले. तोही जून गेला. २० मार्चला चवदार तळ्यावर येणारी आपली माणसे याच रस्त्याने हाडे खिळखिळी करून घेत आली आहेत.

मग मुदत पाळणे अशक्यच असते काय? तसेही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच महामार्गावर महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. एस.टी.च्या दोन गाड्या पुरात गेल्या, कित्येक घरे उघडी पडली. नव्या पुलाला १८० दिवसांची मुदत ठरली आणि तो १६५ दिवसांत उभा राहिला. ५ जून २०१७ रोजी वाहतुकीला खुला झाला. रस्ता तोच, नदी तीच, कोकणचा पाऊसही तोच. पूल लहान, महामार्ग मोठा, जमीन संपादनाची अडचण वेगळी, हे आम्हांस मान्य आहे. पण दिवस मोजणारा कोणी असला की काम होते, हेही त्या पुलाने दाखवले. फक्त हे शहाणपण माणसे वाहून जाण्यापूर्वी यायला हवे होते.

चौथा शब्द ‘माइलस्टोन’, म्हणजे मैलाचा दगड. ठेक्याच्या भाषेत हा कामाचा ठरलेला टप्पा असतो. तो गाठला की त्या टप्प्याचे पैसे मिळतात. त्यामुळे ‘नव्वद टक्के काम झाले’ असे ऐकले की झाले ते कोणते आणि राहिले ते कोणते, हे विचारावे. टाकी बांधली, नळ टाकले, पण वीजजोडणी राहिली, तर कागदावर ते नव्वद टक्के असेल, हंड्यात शून्य आहे.

शेवटचा शब्द ‘हँडओव्हर’, हस्तांतरण. यात आपल्या लोकांचे सर्वांत जास्त नुकसान होते. काम ताब्यात मिळाले, अशी सही पंचायतीकडून किंवा पाणी समितीतल्या भगिनींकडून घाईघाईने घेतली जाते. सही झाली की ठेकेदार मोकळा, असे लोकांना वाटते. तसे नसते. करारात दोषदायित्वाचा काळ लिहिलेला असतो. त्या काळात निघालेला दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तेव्हा सहीपूर्वी नळ सोडून पाहावा, राहिलेल्या दोषांची यादी त्याच कागदावर लिहावी आणि दोषदायित्वाचा काळ केव्हा संपतो ती तारीख टिपून ठेवावी.

कोणी कागद दाखवीत नसेल तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ आहे. दहा रुपयांच्या अर्जावर कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्या प्रती मागता येतात. प्रतींचा खर्च वेगळा भरावा लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. उत्तर साधारणपणे तीस दिवसांत द्यावे लागते. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचा हक्कही या कायद्यात आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पुढच्या ग्रामसभेत असा एखादा शब्द कानी पडला तर गप्प बसू नये. शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात: तारीख कोणती, सही कोणाची, कागद कोठे? मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहायला लावावे. आणि वाचकांना असे आणखी शब्द अडले असतील तर ते आमच्याकडे जरूर पाठवावेत.