कंवररामांचे मरण हवे, गाणे नको?

सिंधचे भगत कंवरराम यांचे नाव आमच्या मंडळींच्या तोंडी येते ते बहुधा त्यांच्या मृत्यूच्या संदर्भात. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्थानकावर आगगाडीत त्यांस गोळ्या घातल्या गेल्या, एवढे सांगून वक्ते पुढील विषयाकडे वळतात. ज्याचे सारे आयुष्य गाण्यात गेले त्या पुरुषाचे एवढेच स्मरण आम्हांस पुरेसे वाटते काय?

गतवर्षी एका देवस्थानाच्या समितीपुढे आम्ही सूचना मांडली की, उत्सवातील एक रात्र सिंधी भगताच्या गायनास द्यावी. कंवररामांचे नाव काढताच सर्वांनी माना डोलविल्या. परंतु या गायनात शाह अब्दुल लतीफ आणि सचल सरमस्त यांचीही पदे येतात हे कळताच ‘सभामंडपात ते कसे चालेल?’ असा प्रश्न निघाला, आणि सूचना तेथेच बारगळली. म्हणजे कंवररामांचे रक्त आमच्या मंडपास चालते. त्यांच्या कंठातील शब्द मात्र चालत नाहीत!

हा गायक कोण होता? त्यांचा जन्म १८८५ साली उत्तर सिंधमधील जरवार या खेड्यात झाला. घरची गरिबी. आई हरभरे उकडून देई आणि मुलगा ते गात गात विकी. रहडकीचे संत सतरामदास यांच्या कानी तो आवाज पडला आणि त्यांनी मुलास आपल्यापाशी घेतले. ‘भगत’ हे तेथे गायकाचे नाव तसेच गायनप्रकाराचेही. अंगात पायघोळ जामा, डोक्यास पगडी, पायांत घुंगरू. सोबतीस ढोलक आणि साथीदारांचा गळा. मध्येच नाचणे, मध्येच कथा सांगणे, पुन्हा पदावर येणे, असे रात्रभर चाले. आमच्या कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग ज्यांनी ऐकला आहे त्यांस हा प्रकार परका वाटू नये; फक्त आमचे हरिदासबुवा त्या मानाने एका जागी उभे राहतात.

कंवरराम मीरा गात, कबीर गात आणि सिंधच्या सूफींचे कलामही गात. शाह लतीफ (१६८९-१७५२) हे सिंधी भाषेचे जणू ज्ञानेश्वर. त्यांस वगळून सिंधीत गाणार तरी काय? ऐकावयास हिंदू येत, तसेच मुसलमानही येत. पदे निवडून, धर्मवार वाटून गाण्याची कल्पना त्या भगतास सुचली नाही. ती आमच्या समितीस सुचली.

यावर उत्तर ठरलेले असते: त्यांस मारणारे कोण होते? मुसलमान होते, ते झाकण्याचे कारण नाही. सक्करच्या मंजिलगाह मशिदीच्या वादाने १९३९ साली सिंधचे वातावरण विषारी केले होते आणि त्याच महिन्यात सक्करला भीषण दंगल झाली. परंतु मारेकऱ्यांस जो समाईक मंडप सहन होत नव्हता, तो मोडण्याचे उरलेले काम आम्ही का हाती घ्यावे? लतीफांचे पद गाणारा भगत त्यांस नको होता, आणि आम्हांसही तो तसा नकोच असेल, तर त्यांच्या नावाने हळहळण्याचा आमचा अधिकार कोणता?

नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहेबात आहेत, हे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. सिंधी हिंदूंच्या टिकाण्यांत याच ग्रंथाचे पठण होते. अर्थात आमचा शिंपी संत त्यांच्या देवघरात केव्हाच पोहोचला आहे. त्याच ग्रंथात शेख फरीदांचे श्लोकही आहेत. तेथे नामदेव आणि फरीद एका वेष्टनात नांदतात. आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’कर्ते, त्यांस आम्ही कोणत्या दाराने बाहेर घालविणार आहोत?

दुसरी गोष्ट बिदागीची. ती काहींस झोंबेल. गायन संपता संपता कंवरराम लोकांपुढे पदर पसरीत, आणि पदरात पडलेले धन आंधळे, अपंग, विधवा यांच्यात वाटून मोकळे होत. त्यांच्याविषयी चमत्काराच्याही कथा आहेत. मृत बालक त्यांच्या मांडीवर ठेवले, त्यांनी अंगाई म्हटली आणि ते रडू लागले, अशी एक आख्यायिका सिंधी घरोघर सांगतात. आम्हांस त्या कथेपेक्षा रिकामा झालेला पदर अधिक मोठा वाटतो. आमच्या उत्सवांत मात्र बिदागीचा आकडा आधी ठरतो, मग आख्यान ठरते, आणि दारातील याचकास मंडपाबाहेर उभे करण्यासाठी स्वयंसेवक नेमला जातो.

फाळणीनंतर सिंधी हिंदू उल्हासनगरास आले, इंदुरास आले, बडोद्यास आले. आमच्या पुष्कळ वाचकांचे ते शेजारी आहेत. त्यांच्या भाषेस स्वतःचा प्रांत उरला नाही. १९६७ साली तिला घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. कोकणीस त्यासाठी १९९२ पर्यंत थांबावे लागले. भाषेची उपेक्षा म्हणजे काय, हे ज्यांनी भोगले आहे त्यांनी तरी शेजाऱ्याच्या गाण्यास दार लावताना क्षणभर विचार करावा.

येत्या उत्सवापूर्वी समितीची सभा भरेल तेव्हा तीच सूचना आम्ही पुन्हा मांडणार आहोत, लतीफांच्या पदांसह. विरोध करणाऱ्यांनी तो लेखी करावा आणि इतिवृत्तात नोंदवावा, एवढीच आमची मागणी राहील.