घाम एक, आरोग्य वेगळे
मनोरीच्या किनाऱ्यावर दोन प्रकारची माणसे घाम गाळतात. मार्व्याहून तरीने खाडी ओलांडून आलेला शहरवासी प्रकृतीसाठी चालतो. कोळीण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पोटासाठी चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना सांगितलेला आठवड्याचा किमान १५० मिनिटांचा व्यायाम ती दोन-तीन दिवसांतच पुरा करीत असेल! मग आरोग्यही तिच्याच वाट्याला अधिक यावयास हवे.

लंडनच्या बसगाड्यांतील चालकांपेक्षा सतत जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखविले, तेव्हापासून श्रम हेच औषध हा समज बळावला. परंतु डेन्मार्कमधील होल्टरमन प्रभृती संशोधकांना निराळेच आढळले: फावल्या वेळचा व्यायाम हृदयाला मानवतो, पोटासाठीचे जड कष्ट मात्र अपायही करतात. हा निष्कर्ष वादातीत नाही. पण त्यामागचे कारण सहज उमजण्याजोगे आहे. फिरावयास आलेला माणूस दमला की बसतो. पाटीतील मासळी थांबत नाही.

तेव्हा उद्यानांतून व्यायामाची यंत्रे बसविणाऱ्यांनी मासळीबाजाराकडेही पाहावे. तेथे सावली, पिण्याचे पाणी, बसावयास ओटा आणि आजारपणात बुडालेल्या दिवसाची भरपाई, हाही आरोग्यावरचाच खर्च आहे.