'नांदायला ये' म्हणणारा इतिहास

आमच्या गटाच्या अभ्यासवर्गात आधुनिक इतिहास घ्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मीही शाळेतल्यासारखी फळ्यावर सनावळी लिहिली. १८८५ राष्ट्रसभा, १८९१ संमतिवयाचा कायदा, वगैरे. वर्ग संपल्यावर एकीनं पिशवीतून नवऱ्याच्या वकिलाची नोटीस काढली. 'पंधरा दिवसांत नांदायला यावे.' म्हणाली, "ताई, नाही गेले तर पोलीस नेतात का?"

पुढच्या वर्गाला मी रखमाबाईंपासून सुरुवात केली.

अकराव्या वर्षी लग्न झालं तरी रखमाबाई माहेरीच वाढल्या, शिकल्या आणि नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला. १८८४ साली दादाजी भिकाजीनं मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाई तुरुंगात जायला तयार झाल्या. 'केसरी'नं दादाजीची बाजू धर्माच्या नावानं उचलून धरली. गंमत म्हणजे हा दावा आपल्या शास्त्रांतला नव्हताच! तो इंग्रजांच्या चर्चच्या कायद्यातून आलेला, आणि खुद्द इंग्लंडात त्यासाठीचा तुरुंग १८८४ मध्येच रद्द झाला होता. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

पुस्तकांत हा काळ 'आधी राजकीय की आधी सामाजिक' अशा टिळक-आगरकर वादाचा म्हणून येतो. मला ही मांडणीच मान्य नाही. एका बाईच्या 'नाही'नं घर, कोर्ट, सरकार आणि धर्म चौघांनाही बोलायला लावलं, ते राजकारण नव्हे तर काय? संमतिवय दहाचं बारा झालं, त्यामागे ही खळबळ होती आणि बंगालमध्ये नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेलेली कोवळी फुलमणी होती.

तो दावा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ होऊन बसला. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं, तर १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा वैध ठरवलं. आजही ते आहे. पोलीस नेत नाहीत, पण हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. बाईनं पोटगी मागितली की नवरे हेच कलम पुढे करतात.

हे सांगत होते तर नोटीसवाली म्हणाली, "मग उत्तर आधी लिहू या, इतिहास नंतर." त्या दिवशी फळ्यावर तिच्या उत्तराचा कच्चा मसुदाच झाला.